आईचं तेरावं आणि कलम एकोणीस

अवोन्डेल, ऑकलंड
९ मार्च २०२५

चि. विनू,

माउंट वेलिंग्टनला आमच्या स्नेहबंध मंडळाचं जे सभागृह आहे, त्यात माझ्या हाताचं काय काय आहे ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. रंगमंच, अठरा फूट बाय चोवीस, सहा तुकड्यांत सुटा होणारा. गणपतीचा देव्हारा, रिमू लाकडाचा, एकही खिळा नाही, लाकूड लाकडात बसवलेलं. चाकाच्या खुर्चीसाठी दारापुढचा उतार, बारा फुटांत एक फूट चढणारा. कौन्सिलचा माणूस लेव्हल लावून बघून गेला आणि काही बोलला नाही, म्हणजे शाबासकीच. चपलांची मांडणी. स्वयंपाकघराची ताटं बाहेर द्यायची खिडकी. आणि एक मतपेटी, पुढची बाजू काचेची. ती अजून एकदाही वापरलेली नाही, कारण आमच्याकडे मतदान होतच नाही. अध्यक्ष चंद्रहासरावांचं पॅनेल उभं राहतं, समोर कोणी नसतं, टाळ्या होतात, बटाटेवडे येतात. पंधरा वर्षं हेच चाललंय.

हे सगळं मी लायब्ररीतली पुस्तकं आणून आणि लाकूड वाया घालवून शिकलो. डिप्लोमा अर्धा टाकलेला माणूस आहे, यावरून तू लहानपणी मला चिडवायचीस. असो.

मंडळातला विवेक गेल्याचं तुला कळवलं होतं. त्याची बायको मुग्धा हॉलपासून चालत पाच मिनिटांवर राहते, दोन खोल्यांचा फ्लॅट, वरचा मजला. तिने तेराव्यासाठी हॉल मागितला. समितीने नाही म्हटलं. ‘वास्तू मंगल कार्यांसाठी आहे, तिथे वर्षभर गणपती असतो, लोक मुंजी-साखरपुड्याला बुक करतात, त्यांना बरं वाटणार नाही.’ तिथे देव्हारा मी ठेवला, विनू, मला माहीत आहे तिथे गणपती असतो. तेराव्याला गोडाचं जेवण होतं म्हणजे सुतक फिटल्याचीच खूण. मग त्या दिवशी माणसं अशुभ कशी?

शेवटी फ्लॅटच्या पार्किंगमध्ये गझिबो लावून पंगत केली. मधूनच कोणीतरी गाडी मागे घ्यायचं, की श्रीखंडाचं पातेलं उचलायचं. आई आली होती. घरी चहा झाल्यावर म्हणाली, “मधू, माझ्या वेळी असं गाड्यांमध्ये माणसं बसवू नकोस. तू बांधलेल्या त्या हॉलात बसव. खिडकीतून ताटं देतात ना, तसं.” मी हो म्हटलं. शब्द देऊन बसलोय.

कारखान्यात माझ्या शेजारच्या बेंचवर हेमी आहे, माओरी. त्याला हे सांगितलं. म्हणाला, आमच्याकडे माणूस गेला की पहिला मराएवरच, म्हणजे जमातीच्या सभाघरातच नेतात, तो असतोच त्यासाठी. तुमच्या हॉलात मग करता काय? मी म्हटलं, अंताक्षरी.

तर मी ठरवलंय. ऑक्टोबरच्या सभेत चंद्रहासरावांच्या विरोधात उभा राहतो. तू तिकडे तुमच्या राज्यात सह्या गोळा करत दारोदार फिरत होतीस, तेव्हा मी हसलो होतो. आता सांग, काय करायचं असतं?

आई बरी आहे. तुझी आठवण काढते.

तुझा,
मधुदादा

---

अमेरिका
२३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार, आणि आईच्या गालाला माझा हात लाव.

उभा राहू नकोस. पडशील. आणि पडल्यावर तू सहा महिने कोणाशी बोलणार नाहीस, ते सुमेधावहिनीला भोगावं लागेल.

रागावू नकोस, ऐक. आमच्या राज्यात एकच पक्ष निवडून येतो. मी इथे आल्यापासून गव्हर्नर त्यांचा, दोन्ही सभागृहं त्यांची, कोर्टातसुद्धा त्यांनी नेमलेली माणसं. आम्ही कमी पगारवाल्यांना सरकारी आरोग्यविमा मिळावा म्हणून वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, कोणी उघडली नाहीत. मग इथल्या कायद्यात एक दार आहे ते सापडलं. पुरेशा मतदारांनी सह्या केल्या तर एखादा प्रश्न थेट मतपत्रिकेवर येतो. पुढाऱ्यांना विचारावं लागत नाही.

मी एका घरापुढे गेले, अंगणात त्याच पक्षाची ही मोठी पाटी. मी मागे वळणार तेवढ्यात म्हातारबुवा बाहेर आले. मी प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी आत ओरडून बायकोला विचारलं, “तुझ्या इन्सुलिनचं गेल्या महिन्यात किती झालं?” आणि सही केली. वर मला बजावलं, “पण मत मी आमच्याच माणसाला देणार हं.” मी म्हटलं, खुशाल द्या. आम्ही जिंकलो, दादा. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, तो पक्षही जिंकला.

कळलं का? चंद्रहासरावांना पाडायला गेलास तर लोक त्यांच्या बाजूने उभे राहतील, कारण प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी एअरपोर्टवरून आणलंय. प्रश्न त्यांच्याबद्दल नाहीच. प्रश्न हॉलबद्दल आहे. तुमच्या घटनेत असं एखादं कलम आहे का बघ. प्रश्न एका ओळीचा हवा. आणि लागतात त्याच्या दीडपट सह्या घे, काही बाद होतातच.

एक विचारू? खरं सांग. त्या हॉलच्या पितळी पाटीवर सगळ्या देणगीदारांची नावं आहेत नि तुझं नाही, हे मागच्या दिवाळीला तू फोनवर चार वेळा सांगितलंस. तुझा राग नक्की त्याचाच नाही ना? म्हणजे तसं असलं तरी मी तुझ्याच बाजूने आहे, पण लोकांना वास येतो.

तुझी,
विनू

---

अवोन्डेल
११ मे

चि. विनू,

पाटीचा आणि याचा काही संबंध नाही. आणि चार वेळा नाही, दोन वेळा सांगितलं.

कलम सापडलं. एकोणीस. एक पंचमांश मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर समितीने तो प्रश्न वार्षिक सभेत मताला टाकलाच पाहिजे आणि निकाल पाळलाच पाहिजे. गंमत म्हणजे ही घटना चंद्रहासरावांनीच पूर्वी कुठल्यातरी क्रिकेट क्लबच्या घटनेवरून उतरवून घेतली होती. त्यांना स्वतःला कलम आठवत नव्हतं.

मी प्रश्न लिहिला. तू एक ओळ म्हणालीस, मी सात पोटकलमं केली, कारण मग उद्या कोणी विचारलं दहाव्याचं काय, होमाचा धूर झाला तर अलार्मचं काय, खुर्च्या कोणी पुसायच्या, तर? सगळं आधीच बसवलेलं बरं. आमचे चिटणीस देवव्रत म्हणजे बँकेत सॉफ्टवेअर करणारा मुलगा. त्याने कागद परत पाठवला: ‘काका, कलम एकोणीसमध्ये “एक प्रश्न” असं आहे. तुमच्यात मला सात दिसतात.’ सुमेधा वाचून म्हणाली, “अहो, विनयाने हेच सांगितलं होतं.”

आता एकच ओळ आहे: ‘सभासदांना मृत्यूनंतरचे विधी, तेराव्याचं जेवण आणि शोकसभा यांसाठी मंडळाचं सभागृह मिळावं का?’ मतदार एकशे शहाऐंशी, म्हणजे सह्या अडतीस हव्यात. तुझ्या हिशेबाने सत्तावन्न. मी चौसष्टवर थांबणार आहे.

रविवारी सकाळी इथल्या बाजारात उभा राहतो. अर्धं मंडळ तिथे मेथी नि भेंडी घ्यायला येतं. सह्यांसाठी मी पाटी बनवली आहे, वर पावसाची झडप, पेनाला खाच. पुरुष थांबत नाहीत, विनू. “नंतर बघू, मधुकरराव,” म्हणून पिशवी दुसऱ्या हातात घेतात. बायका थांबतात. एक बाई म्हणाली, आम्ही माहेरी जाऊ शकलो नाही वडील गेले तेव्हा, व्हिडिओवर बघितलं, इथे चार माणसं बोलवावीत तर घरमालक म्हणाला पाच गाड्यांच्या वर नको. ती पाटीवर वाकून सही करत होती. मी झडप धरून उभा राहिलो. पाऊस नव्हता.

परवा समोरून चंद्रहासरावच आले. हातात कोथिंबीर.

“काय, क्रांती कुठवर आली?”

“एकोणतीस सह्या.”

“आमच्या हिची झाली का?”

“पहिलीच त्यांची आहे.”

ते हसले. विनू, माणूस वाईट नाही, हीच पंचाईत आहे. म्हणाले, “मधुकरराव, हॉलचं कर्ज बुकिंगवर फिटतं. उद्या लोक म्हणाले, इथे काल तेरावं झालं, आज आमच्या बाळाचं बारसं नको, तर हप्ता कोण भरणार? तुम्ही भरणार?” मी म्हटलं, लोकांना विचारूया की ते तसं म्हणतील का. “विचारा,” म्हणाले, आणि आईसाठी कोथिंबिरीची अर्धी जुडी माझ्या पिशवीत टाकून गेले.

आईची झोप हल्ली वाढली आहे. थंडी आली ना.

मधुदादा

---

अमेरिका
८ जून

दादा,

हे पत्र लहान आहे. काल व्हिडिओवर आईचा चेहरा सुजलेला वाटला. मी पाय दाखव म्हटलं, तर तू फोन वर धरलास आणि मला छताची नवी पट्टी दाखवलीस. पट्टी छान आहे. मी फार्मासिस्ट आहे, मला छत कळत नाही, सूज कळते.

पोस्टाने नको, ईमेलने लिही. खरं लिही.

विनू

---

अवोन्डेल
१० जून

विनू,

किडनी. मार्चपासून माहीत आहे. विवेकच्या तेराव्यानंतरच्या आठवड्यात तपासण्या आल्या. डॉक्टरने डायलिसिस सुचवलं, आठवड्यातून तीनदा. आईने सगळं ऐकून घेतलं, सुमेधाकडून मराठीत पुन्हा ऐकलं, आणि नको म्हणाली. “शहाऐंशीव्या वर्षी मला मशीनला बांधू नका. मी इथे बसून खिडकीतून टुई पक्षी बघते, तेवढं पुरे.” सुमेधा स्वतः त्या वॉर्डात काम करते. ती म्हणाली, त्यांचा निर्णय विचार करून घेतलेला आहे, आपण तो मोडायचा नाही. किती दिवस, ते कोणी सांगत नाही. वर्ष मिळालं तर खूप, असं म्हणतात.

तुला सांगू नकोस असं आईनेच सांगितलं होतं. “तिकडे एकटी आहे, नोकरीत आहे, धावत येईल.” तर हे असं आहे. मला पाटीचा राग नाही, हे आता कळलं असेल. मला घाई आहे.

तू धावत येऊ नकोस, ती बरी आहे, म्हणजे बसते, बोलते, मला टोमणे मारते. डिसेंबरात ये, उन्हाळ्यात. तेव्हा तिला समुद्रावर नेता येईल.

चौसष्ट सह्या झाल्या. उद्या देतो.

दादा

---

अवोन्डेल
२० जुलै

चि. विनू,

तुझे रोजचे फोन आईला आवडतात. फोन ठेवल्यावर म्हणते, “इतकं काय बोलायचं असतं,” आणि दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी फोन मांडीवर घेऊन बसते.

सह्यांचा निकाल लागला. चौसष्टपैकी एक्केचाळीस बाद. उरल्या तेवीस.

कारण ऐक. आमच्याकडे सभासदत्व कुटुंबाचं असतं आणि प्रत्येक कुटुंबाचा एक मतदार. फॉर्म भरताना सगळ्यांनी आपापल्या सवयीने नवऱ्याचं नाव टाकलेलं. एक्केचाळीस बायकांनी सह्या केल्या आणि त्यातली एकही मतदार नाही. चंद्रहासरावांची बायकोही नाही. देवव्रत म्हणाला, “काका, मला वाईट वाटतंय, पण नियम आहे.” मी त्याला दोष देत नाही. मीच वाचायला हवं होतं. घटना मी तीनदा वाचली होती, पण ‘मतदार’ शब्द आला की माझ्या डोळ्यांसमोर मीच येत होतो, त्यामुळे तिथे अडखळलो नाही.

नवऱ्यांकडे परत गेलो. अकरा जण भेटले. दोघांनी सही केली. बाकीचे म्हणाले, चंद्रहास काय म्हणेल.

मी पाटी गॅरेजमध्ये ठेवून दिली आहे.

मधुदादा

---

अमेरिका
२७ जुलै

दादा,

पाटी बाहेर काढ.

आमच्या पहिल्या वेळी हजारो सह्या बाद झाल्या होत्या. कोणी जुना पत्ता लिहिला, कोणी पेन्सिलने केली, एका पूर्ण गठ्ठ्यावर नोटरीचा शिक्का तिरका होता. आमच्या मोहिमेची बाई, सत्तरीची, शाळेत भूगोल शिकवलेली, ती म्हणाली, “त्यांनी का नाही म्हटलं ते सोडा. नाही म्हणताना कुठला नियम वापरला, तो पूर्ण वाचा. शेवटच्या ओळीपर्यंत.”

कुटुंबाचा एक मतदार, ठीक. पण तो कोण हे कोण ठरवतं? आणि बदलता येतो का? वहिनीला वाचायला दे. तिच्या डोळ्यांसमोर तू येणार नाहीस.

आईला सांग, काल तिने सांगितलेली आमटी केली. कोकम नव्हतं, लिंबू पिळलं. ती नाक मुरडेल, ते मला इथून दिसतंय.

विनू

---

अवोन्डेल
२४ ऑगस्ट

चि. विनू,

सुमेधाने वाचलं. जेवणाच्या टेबलावर, चष्मा कपाळावर, मोबाइल हातभर लांब धरून. म्हणाली, “अहो, इथे लिहिलंय की. मतदार कुटुंबाने ठरवायचा. बदल कधीही चिटणिसांना कळवावा, दोघांच्या सहीने. बस्स.” मग चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. “मग आपण बदलूया ना. मला करा.”

मी म्हटलं, माझं आहे तेवढं राहू दे, मागणी माझ्या नावाने आहे, मी नसलो तर कागदच उभा राहत नाही.

“म्हणजे बाकीच्या एक्केचाळीस जणींनी आपापल्या नवऱ्याला सांगायचं, आणि तुम्ही सोडून.”

आई आपल्या खुर्चीतून म्हणाली, “सुमेधा, तो लहानपणी पतंगाची फिरकी पण कोणाला द्यायचा नाही.”

विनू, मी दोन दिवस घेतले. खोटं कशाला सांगू, तो कागद सोपा नव्हता. प्रश्न माझा, एक ओळ करताना घाम माझा आला, पाटी मी बनवली, आणि आता कागदावर माझं नावच नसणार. सभेत मी हातही वर करू शकणार नाही. तिसऱ्या दिवशी सही केली. आता मागणी सौ. सुमेधाच्या नावाची आहे. ती तिथे मांडणार, मी मागे बसणार.

त्यानंतर जे झालं ते मी बघण्यासारखं म्हणेन. बाजारात मी नव्हतोच, सुमेधा आणि मुग्धा उभ्या होत्या. बायका नवऱ्यांना हाताला धरून आणायच्या. “इथे सही करा.” “हे काय आहे?” “माझं नाव.” शहराच्या पार उत्तर टोकाच्या अल्बनीहून एक डॉक्टरीणबाई नवऱ्याला घरातल्या रबरी चपलांतच उचलून घेऊन आली, पूर्ण बसप्रवासात तो विचारत होता काय झालंय. नवऱ्यांना प्रश्नावर सही करायला चंद्रहासरावांची भीती वाटत होती. बायकोच्या नावावर सही न करायला बायकोची. चव्वेचाळीस कुटुंबांनी मतदार बदलले. मग त्याच बायकांनी पुन्हा सह्या केल्या. देवव्रतने एक एक तपासली. सगळ्या पास. मला म्हणाला, “काका, आता नियमात बसतंय,” आणि खरंच आनंदाने म्हणाला.

चंद्रहासरावांच्या घरीही मतदार बदलला आहे.

आईचं जेवण कमी झालंय. पण तुझ्या लिंबाच्या आमटीवर तिने मत दिलं: “औषधाच्या दुकानात राहून राहून तिची जीभ गेली.”

मधुदादा

---

अवोन्डेल
१९ ऑक्टोबर, रविवार

विनू,

सभा आज झाली. लगेच लिहितो, नाहीतर फोनवर आई आधी सांगेल, आणि तिचे आकडे चुकतील.

आधी पॅनेल. समोर कोणी नाही, बिनविरोध, टाळ्या. मीसुद्धा वाजवल्या. मग प्रश्न. सुमेधा उभी राहिली. मी तिला चार पानांचं भाषण लिहून दिलं होतं. तिने ते पर्समध्येच ठेवलं. म्हणाली, “मी नर्स आहे. माणूस गेल्यावर घरचे मला विचारतात, आता कुठे जायचं? मी पत्ता सांगू शकत नाही. मला सांगता यायला हवा.” आणि बसली. मी मागच्या रांगेत, हात मांडीखाली.

कोणीतरी विचारलं, बारशाचं काय? त्यावर एक तरुण मुलगी, पोटुशी, म्हणाली, माझं जानेवारीत बुकिंग आहे, माझी हरकत नाही, आजोबांचं तेरावं झालेल्या घरातच आमचं लग्न झालं होतं. मग चिठ्ठ्या वाटल्या.

मतपेटी वापरली. काचेतून चिठ्ठ्या साचताना दिसत होत्या. झाकण जरा घट्ट बसलंय, ते घासायला हवं. मोजणी चंद्रहासरावांनीच केली, मोठ्याने, एक एक चिठ्ठी उघडून. हो, सत्त्याण्णव. नाही, एकावन्न. आकडा वाचून त्यांनी माइक खाली ठेवला, सुमेधाजवळ आले आणि हात जोडून म्हणाले, “वहिनी, अभिनंदन.” मग आईच्या खुर्चीशी वाकले. आई पहिल्या रांगेत होती, उतारावरून मीच नेलं होतं. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “चला, तुमची परवानगी आली. आता मला घाई नाही.” ते हसले, आणि मग त्यांना रुमाल काढावा लागला.

तुझं ऐकलं ते बरं केलं. हे एकदाच लिहितोय.

मधुदादा

---

अमेरिका
२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र मी दुकानात काउंटरमागे उभी राहून वाचलं आणि एका गिऱ्हाइकासमोर चुकून आपल्या काकांसारखी मोठ्याने हसले. तो घाबरला.

आता एक सांगते, जे मार्चमध्ये सांगितलं नाही. आम्ही जिंकलो, एवढंच तुला लिहिलं होतं. पुढचं लिहिलं नाही, कारण मग तू पाटी बनवलीच नसतीस. निकालानंतर आमच्या राज्याच्या विधिमंडळाने तो कायदा रद्द केला नाही. तेवढी हिंमत नव्हती, लोकांनी मत दिलेलं. त्यांनी अटी घातल्या. जास्तीचे फॉर्म, कामाचे पुरावे, मुदती. विमा कागदावर आला, पण मिळता मिळेना. त्या म्हातारबुवांच्या बायकोला मिळायला दुसरी मोहीम करावी लागली. अटी काढायची. तीत आम्ही पुन्हा त्याच दारावर गेलो. अंगणात पक्षाची पाटी अजून होती. त्यांनी पुन्हा सही केली, वैतागून.

तुमच्याकडे तसं होईलच असं नाही. चंद्रहासराव रडले म्हणतोस. पण समितीच्या पुढच्या बैठकीचं इतिवृत्त आलं की शेवटपर्यंत वाच.

तिकीट काढलंय. वीस डिसेंबरला सकाळी पोचते. टॉग्ज, म्हणजे तुमच्या भाषेत पोहायचे कपडे, घेऊन ये म्हणालास, आणते, पण पाणी गार असलं तर मी आणि आई वाळूत बसणार.

विनू

---

अवोन्डेल
७ डिसेंबर

चि. विनू,

इतिवृत्त आलं. शेवटपर्यंत वाचलं. शेवटून दुसरी ओळ: ‘सभासदांच्या निर्णयानुसार सभागृह मृत्यूनंतरच्या विधींसाठी उपलब्ध राहील. अशा प्रत्येक वापरासाठी नेहमीच्या भाड्याव्यतिरिक्त विशेष शुद्धीकरण व साफसफाई शुल्क आकारण्यात येईल.’ आणि पुढे आकडा. वाढदिवसाला साफसफाईचे साठ डॉलर घेतात, केकचं क्रीम भिंतीला लागतं तरी. मुग्धाने आकडा वाचला आणि म्हणाली, “मग आमचं पार्किंगच बरं होतं.” विवेकच्या वेळी तिच्याकडे एवढे नव्हतेच.

सुमेधाने दुसरा कागद केला आहे. एक ओळ: ‘सभागृहाच्या सर्व वापरांना एकच शुल्क असावं का?’ मी हात लावला नाही. नुसता वाचला. चांगला आहे. रविवारपासून त्या दोघी पुन्हा बाजारात उभ्या आहेत. विशेष सभा मागितली आहे, ती लवकरात लवकर फेब्रुवारीत.

आता आईचं. तू येशील तेव्हा ती तुला बारीक दिसेल, तयारी ठेव. दिवसाचा बराच वेळ झोपते. जागी असली की तू कधी येणार ते विचारते, आणि सांगितलं की म्हणते, “ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होते.” फेब्रुवारी तिला दिसेल की नाही, डॉक्टर खांदे उडवतात. सुमेधा उडवत नाही.

गुरुवारी चंद्रहासराव आले. फराळाचा डबा परत करायला, असं म्हणत आले. दिवाळीपासून तो त्यांच्याकडेच होता. आईजवळ बसले, तिचे पाय दाबले. नंतर माझ्याबरोबर बागेत आले. “मधुकरराव,” म्हणाले, “समितीत चार जण अडून बसलेत. मी अध्यक्ष असलो तरी मला सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं. शुल्क मी काढू शकत नाही. पण अपवाद करायचा अधिकार मला आहे. काकूंच्या वेळी एक पैसा घेणार नाही. हॉल तुमचा, खुर्च्या मी लावतो, वाढायला मी उभा राहतो. आत्ता लेखी देतो. फक्त वहिनींना सांगा, ही दुसरी फेरी राहू दे. मंडळ फुटेल.” लबाडी नव्हती, विनू. त्यांचे डोळे भरले होते. त्यांना खरोखरच वाटत होतं की ते माझं काम सोपं करतायत.

मी त्यांना उत्तर दिलं, चहा दिला, गाडीपर्यंत सोडलं. मग आत येऊन आईला सांगितलं, कारण तेरावं तिचं आहे आणि शब्द मी तिला दिला होता. तिने विचारलं, “आणि त्या विवेकच्या बायकोला? तिची सासू आहे ना अजून.” मी म्हटलं, तिला पूर्ण भरावे लागतील. आईने खिडकीतून टुईंकडे बघितलं. मग म्हणाली, “बरं केलंस. मला गॅरेजमध्ये बसव. पण गाड्या बाहेर काढ, आणि तिथलं तुझं लाकूड आवर.” मी तिला सांगितलं, फेब्रुवारीपर्यंत थांबायचं बघ. म्हणाली, “तुमच्या सभांच्या तारखा आणि मी.” आणि हसली.

गॅरेज उद्यापासून आवरतो. तुझी झोपायची सोय आमच्या ईराच्या खोलीत केली आहे. ती हॉस्टेलवर गेली आहे.

तू आल्यावर चंद्रहासराव भेटतील, ते त्यांच्या पद्धतीने सांगतील, आणि मंडळात लोक तिसरंच काहीतरी बोलतायत, म्हणून नक्की काय झालं ते इथे लिहून ठेवतो. चंद्रहासरावांनी, स्नेहबंध मंडळाचे अध्यक्ष या नात्याने, आईच्या तेराव्याचं विशेष शुल्क पूर्ण माफ करायचं कबूल केलं होतं, दुसरी मागणी मागे घेण्याच्या अटीवर. मी नको म्हणालो. शुल्क बाराशे पन्नास डॉलर. जीएसटी धरून चौदाशे सदतीस डॉलर पन्नास सेंट.

तुझा,
मधुदादा